जेटवरचा आकडा : होंडा सीबी ७५०, बाहेरचे पार्ट आणि पितळेत कोरलेला इतिहास

१/
इतिहासाचे साधन म्हटले की डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, मोडी कागद येतात. आज ज्या साधनाविषयी लिहीत आहे ते करंगळीच्या नखाएवढे आहे आणि पितळेचे आहे. त्याच्या मध्यभागी साधारण एक मिलिमीटर रुंदीचे छिद्र असते आणि अंगावर दोन-तीन आकडे कोरलेले असतात. हा मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधला जेट. त्यावरचा आकडा कोणी ठरवला, कशासाठी ठरवला आणि तो बदलला की काय घडते, याचा हा धागा.

२/
उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ : होंडा सीबी ७५०. ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि १९६९ मध्ये बाजारात आली. ७३६ सीसीचे इंजिन, ६७ अश्वशक्ती, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर आणि मागे चार स्वतंत्र सायलेन्सर. सर्वसामान्य ग्राहकाला परवडणारी इतकी वेगवान आणि भरवशाची गाडी त्याआधी क्वचितच मिळत होती. मात्र या गाडीचा खरा इतिहास कारखान्याच्या दाराबाहेर पडल्यानंतर सुरू होतो.

३/
थोडे मागे जाऊ. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. आरंभीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा वाहत नेऊन तिला वाफ उचलू देत. १८९४ मध्ये म्युनिकमध्ये तयार होऊ लागलेली हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर ही मोटारसायकल याच पद्धतीची. परंतु त्यापूर्वीच, १८९३ मध्ये, हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी वेगळा मार्ग काढला होता : बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडायचा. ते छिद्र म्हणजेच जेटचा पूर्वज.

४/
यामागचे तत्त्व मात्र जुने. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाशी ते जोडले जाते. नळी मध्येच अरुंद केली की तेथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हेच घडते. खाली फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाखाली असते. गळ्यातला दाब कमी. या फरकामुळे पेट्रोल वर ढकलले जाते. किती वर जायचे, ही मर्यादा जेटचे छिद्र घालते. हा दाबातला फरक लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

५/
शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त झाले तर ‘रिच’. गॅरेजमध्ये हेच शब्द चालतात. रिच मिश्रणाने प्लग काळा पडतो, धूर येतो, पेट्रोल वाया जाते. लीन मिश्रण अधिक घातक : इंजिन तापते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, फार झाले तर पिस्टनला भोक पडते. रिच गाडी खिशाला चटका लावते, लीन गाडी इंजिनाचा घास घेते.

६/
हे प्रमाण सर्व वेगांना टिकवणे एका छिद्राला जमत नाही. इंग्लंडमध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे कार्ब्युरेटर उत्पादक १९२७ मध्ये एकत्र येऊन ‘अमल’ झाले. त्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये कामाची वाटणी अशी असे : थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पायलट जेट, त्यापुढे स्लाइडचा तिरपा काप, अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास निमुळती सुई आणि शेवटच्या टप्प्यात मेन जेट. जणू चार अंमलदारांमध्ये वाटलेला मुलूख. हद्दी मात्र एकमेकींत मिसळलेल्या. एकाचा कारभार बिघडला की शेजाऱ्यालाही त्रास.

७/
आता आकड्याकडे वळू. अमलच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे ठरावीक परिस्थितीत त्यातून मिनिटाला किती घन सेंटिमीटर द्रव वाहतो, याचे माप. होंडाच्या गाडीत बसलेल्या केहिनच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. केहिनचा ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. शके १६०० आणि इसवी सन १६०० यांत ७८ वर्षांचे अंतर आहे हे इतिहासाच्या अभ्यासकांना सांगायला नको. जेटचेही तसेच : कालगणना कोणती, हे आधी विचारावे, आकडा मग वाचावा.

८/
आणखी एक बारकावा. प्रवाह छिद्राच्या व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. केहिनचा ११० काढून १२० बसवला तर आकडा ९ टक्क्यांनी वाढतो, छिद्राचे क्षेत्रफळ मात्र सुमारे १९ टक्क्यांनी. ‘दहाच तर आकडे वाढवले’ असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात पेट्रोलची वाट जवळजवळ पाचव्या हिश्श्याने रुंद केलेली असते. म्हणून जाणते मेकॅनिक एका वेळी एकच पायरी चढतात.

९/
होंडाच्या अभियंत्यांनी मूळ जेट निवडला तो एका नेमक्या परिस्थितीसाठी : ठरावीक एअर बॉक्स, ठरावीक चार सायलेन्सर, त्या काळचे पेट्रोल. सीबी ७५० च्या पुढच्या आवृत्त्यांत कंपनीने स्वतःच मेन जेटचा आकडा कमी करत नेला. त्यामुळे ‘सीबी ७५० चा जेट कोणता?’ या प्रश्नाला वर्ष सांगितल्याशिवाय उत्तर नाही. जेट हा इंजिन, हवा, धुराडे आणि इंधन यांच्यात झालेला तह आहे. एका पक्षाने अटी बदलल्या की तह नव्याने लिहावा लागतो.

१०/
अटी बदलणारे लगेच आले. मार्च १९७० मध्ये डिक मान यांनी अमेरिकेतली डेटोना २०० ही शर्यत होंडाच्या चार सिलिंडरी गाडीवर जिंकली आणि आपली गाडीही तशीच पळावी असे हजारो तरुणांना वाटू लागले. ‘पॉप’ या टोपणनावाने ओळखले जाणारे जपानी तंत्रज्ञ हिदेओ योशिमुरा यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी चार नळ्या एकत्र आणणारे एक्झॉस्ट तयार केले. कॅलिफोर्नियात सायलेन्सर, एअर फिल्टर, कॅम अशा बाहेरच्या भागांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. इंग्रजीतला ‘आफ्टरमार्केट’ तो हाच.

११/
चारांत एक धुराड्याचा लाभ दुहेरी होता. एक तर वजन घटते. दुसरे असे की, एका सिलिंडरमधून धूर बाहेर पडताना नळीत दाबाची लाट धावते आणि नळ्यांची लांबी नेमकी साधली तर ती लाट परत येताना सिलिंडरमधला उरलेला धूर बाहेर ओढायला मदत करते. मग आत ताजे मिश्रण अधिक शिरते. परंतु ही साथ ठरावीक वेगांनाच मिळते. इतर वेगांना तीच लाट उलटी पडते. म्हणजे हवेचा हिशेब सर्वत्र सारखा बदलत नाही. कुठे वाढतो, कुठे घटतो.

१२/
त्याहून मोठा घोळ एअर फिल्टरचा. मूळ एअर बॉक्स काढून प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सुटा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावण्याची फॅशन आली. ‘हवा जास्त मिळते म्हणून मिश्रण लीन होते’ हे अर्धेच उत्तर. मूळ एअर बॉक्स हवेला किंचित अडवतो, त्यामुळे गळ्यातला दाब आणखी खाली जातो आणि पेट्रोल अधिक चढते. अडथळा काढला की चौथ्या पोस्टमधला तो दाबातला फरकच कमी होतो. हवा वाढते आणि पेट्रोलला वर ढकलणारे बळ घटते. दोन्हीकडून मिश्रण लीन.

१३/
त्या काळी अनेकांनी नवे धुराडे आणि नवे फिल्टर एका दुपारी बसवले आणि जेट तसाच ठेवला. आवाज घुमू लागला म्हणून गाडी जोरात पळते असे वाटले. मग थ्रॉटल सोडताना फटाके, स्थिर वेगात हिसके, लांबच्या पल्ल्यावर तापलेले इंजिन. दोष बहुतेकदा गाडीच्या माथी गेला : ‘जुनी झाली.’ खरे तर गाडी जुन्या तहाप्रमाणे वागत होती आणि मालकाने प्रदेश बदलला होता.

१४/
जेट नव्याने जुळवण्याची शिस्तही अमलच्या काळापासून ठरलेली आहे. आधी मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडचा काप, मग सुईची उंची, शेवटी पुन्हा पायलट. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून इंजिन एकदम बंद करायचे आणि प्लग काढून त्याचा रंग वाचायचा : काजळी की पांढुरकी राख, की मधला तपकिरी? प्लग वाचणे हेही एक लिपिवाचनच. सीबी ७५० ला चार कार्ब्युरेटर, म्हणून प्रत्येक बदल चारदा, आणि अखेरीस चौघांची चाल व्हॅक्यूम गेजने एकसारखी करायची. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

१५/
यात बाहेरच्या जेटांची गुंतागुंत वेगळीच. केहिनचा ११० आणि दुसऱ्या उत्पादकाचा ११० एकच असतील असे नाही. छिद्राच्या तोंडाचा उतार, लांबी आणि आतला गुळगुळीतपणा यांवर प्रवाह बदलतो. चार जेटांच्या संचात एखादा वेगळा निघाला तर एक सिलिंडर एकटाच तापतो आणि मालक इतर तिघांत दोष शोधत राहतो. त्याहून वाईट म्हणजे जुना जेटच बारीक ड्रिलने मोठा करणे. अंगावर कोरलेले ‘११०’ तसेच राहते, छिद्र मात्र आता ११० नसते. इतिहासाच्या भाषेत हा बनावट दस्तऐवज : शिक्का खरा, मजकूर खोटा.

१६/
आणि मग एक मजेशीर वळण. १९७५ मध्ये होंडाने सीबी ७५० एफ ही आवृत्ती काढली. तिला कारखान्यातूनच चारांत एक धुराडे होते. गॅरेजवाल्यांनी जे चार-पाच वर्षे केले तेच कंपनीने अंगीकारले, फक्त जेटिंगचा हिशेब नीट मांडून. ‘मूळ’ आणि ‘बदललेले’ यांमधली रेष आपण समजतो तितकी स्थिर नसते. आज जे बंड असते ते उद्याच्या कॅटलॉगात छापून येते.

१७/
याच सुमारास तहात एक नवा पक्ष आला : शहराची हवा. लॉस एंजेलिसवर पसरणाऱ्या धुरक्याचे कारण १९५० च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी उलगडले होते. गाड्यांतून निघणारी न जळलेली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो विषारी थर बनतो. मोटारींवर आधी निर्बंध आले. १९७८ पासून अमेरिकेत मोटारसायकलींनाही ते लागू झाले. त्या वर्षी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १७ ग्रॅम होती. १९८० पासून ती १२ ग्रॅमवर आली आणि हायड्रोकार्बनची ५ ग्रॅमवर.

१८/
उत्पादकांचा स्वस्त उपाय म्हणजे जेट लहान करणे. पायलट जेट बारीक झाले, मिश्रणाच्या स्क्रूवर मर्यादा घालणाऱ्या टोप्या किंवा झाकणे आली. १९७७ च्या सीबी ७५० वर नव्या धाटणीचे कार्ब्युरेटर आले. थ्रॉटल अचानक उघडल्यावर लीन मिश्रणाने इंजिन अडखळू नये म्हणून त्यांत पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप होता. तरीही गाड्या थंडीत कुरकुरत. मग बाजारात जेट, सुया आणि स्प्रिंग असलेले संच आले. आता जेट बदलण्याचे कारण धुराडे नव्हते, कायदा होता.

१९/
येथे न्यायनिवाडा सोपा नाही. गाडीवाल्याची तक्रार खरी होती : कारखान्यातून आलेली गाडी नीट चालत नव्हती. शहराची तक्रारही खरी होती : रिच केलेली प्रत्येक गाडी इतरांच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड मिसळत होती. कॅलिफोर्नियाने उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या बाहेरच्या भागांना मंजुरीची अट घातली. त्या काळातल्या दोन सीबी ७५० शेजारी ठेवल्या, एकीत ७८ चा मूळ जेट आणि दुसरीत बदललेला, तर एका पिढीचा सारा वाद त्या दोन पितळी तुकड्यांत वाचता येतो. म्हणूनच जेट साधन आहे असे म्हटले.

२०/
सीबी ७५० आपल्याकडे विकली गेली नाही, पण या वंशावळीची एक शाखा आपल्या अंगणात आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट येथे तयार होऊ लागली. तिचा आरंभीचा कार्ब्युरेटर अमल पद्धतीचा. जपानच्या मिकुनीनेही एके काळी अमलच्या परवान्यावर कार्ब्युरेटर बनवले होते. मिकुनीच्याच तंत्राचा ‘मिककार्ब’ पुढे बुलेटवर आला. बर्मिंगहॅमची विद्या जपानमार्गे चेन्नईला परतली. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आले, बुलेटला फ्युएल इंजेक्शन बसले आणि नव्या गाडीपुरता जेटचा काळ संपला.

२१/
जुन्या गाडीसाठी मात्र तो संपलेला नाही. उलट तहातला शेवटचा पक्षही आता बदलला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून या इंधनाला हवा कमी लागते : १४.७ ऐवजी सुमारे १३.५. जुन्या पेट्रोलसाठी कोरलेला जेट तेवढ्याच हवेत नवे इंधन सोडतो आणि मिश्रण आपोआप लीनकडे झुकते. आजोबांची गाडी कोणताही बाहेरचा पार्ट न लावताही बदललेली असते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने खराब होतात, ही चिंता वेगळी.

२२/
मग प्रश्न उरतो : जेट बदलला तर गाडी ‘मूळ’ राहते का? २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि मोठे फेरबदल न झालेले वाहन तेथे ‘व्हिंटेज’ मानले जाते. अशा वाहनांना ‘व्हीए’ ही वेगळी क्रमांक मालिका आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील नोंदणीतल्या तपशिलांपासून दूर जाणाऱ्या फेरफाराला आळा घालते. चिरलेली चौकट किंवा कापलेला एअर बॉक्स परत जोडता येत नाही. जेट मात्र दहा मिनिटांत मूळ जागी परत येतो, तो जपून ठेवला असेल तर.

२३/
यातच या धाग्याचा मुद्दा आहे. जेट बदलणे हा अपराध नाही. इंधन, हवा, धुराडे बदलले की तो बदलणे हीच गाडीची काळजी. अपराध आहे तो नोंद न ठेवता बदलण्याचा. काढलेला जेट भंगारात गेला की कारखान्याने, कायद्याने आणि आधीच्या मालकाने घेतलेले निर्णय त्याच्याबरोबर जातात. पुढच्या माणसाला उरतो तो फक्त अंदाज. आपल्याकडे कित्येक दफ्तरे शत्रूने जाळली त्याहून अधिक घरच्यांनी ‘जुने कागद’ म्हणून रद्दीत घातली. पितळेच्या दफ्तराचे तसे होऊ नये.

२४/
म्हणून हाती जुनी गाडी असेल तर एवढे करावे. काढलेले जेट लहान डबीत, कोणत्या कार्ब्युरेटरचा कोणता हे लिहून ठेवावे. वहीत तारीख, उत्पादकाचे नाव, जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचे कारण टिपावे. सुईची खाच कितवी होती तेही लिहावे. जेट साफ करताना छिद्रात तार घालू नये; ओरखडा पडला की आकडा खोटा होतो. आणि छिद्र ड्रिलने कधीही मोठे करू नये. मोठा हवा असेल तर नवा जेट घ्यावा.

२५/
पुढच्या खेपेला एखाद्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडलेला दिसला तर मेकॅनिककाकांना विचारून मेन जेट हातात घ्या आणि उजेडाकडे धरा. आकडा वाचा. मग विचारा : ही कोणाची मोजणी, कोणत्या वर्षाची, कोणत्या हवेसाठी? उत्तर मिळाले तर खाली प्रतिसादात गाडी, साल आणि आकडा जरूर लिहा. महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या जेटांची एक यादी आपणच तयार करू. साधने अशीच जमतात, एकेक करून.

(धागा समाप्त)